आपली पोरं जिंकेपर्यंत

आमचे घरमालक शनिवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत हरून उठायचे. मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हापासून हे असंच. हरल्यावर माणूस चिडतो, ताट ढकलतो, दुसऱ्यावर ओरडतो. यांचं तसं काही नाही. खेळ संपला की टीव्ही लगेच बंद, एक क्षणही जास्त नाही. मग गळ्यातला मफलर काढून त्याची घडी घालायची आणि विचारायचं, "बुवा, आज भाजी काय?"

बुवा म्हणजे मी. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहात मी आचारी होतो. मंत्र्यांपासून ते परीक्षेच्या मुलाखतीला आलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी माझ्या हातचं पिठलं खाल्लंय आणि परत मागितलंय. शिक्षण चौथीपर्यंत. ते मी लपवत नाही आणि त्यावरून कोणी कीव केलेली खपवूनही घेत नाही. रिटायर झालो तेव्हा मुलगा म्हणाला, गावी या. मी म्हणालो, येणार नाही. सुनेच्या स्वयंपाकघराबाहेर बसून, भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प बसणाऱ्यातला मी नाही. मयूर विहारला या गृहस्थांच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने मिळत होती, ती घेतली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आता ते दिल्लीतच, द्वारकेला लेकीकडे राहतात आणि अख्खा फ्लॅट मी सांभाळतो, पण मालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती शनिवारची बैठकच येते.

खेळ म्हणजे फुटबॉल. पण आपला नाही. ऑस्ट्रेलियात खेळतात तो. मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा. चेंडू लाथेने मारायचा नाहीतर मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. बाकी उड्या, ढकलाढकली, एकमेकांच्या खांद्यावर गुडघे देऊन चढणं, हे सगळं चालतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. खांबांपाशी एक पंच उभा असतो. सहा मिळाले की तो दोन झेंडे हलवतो, एक मिळाला की एक.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मालक, कडेने गेला म्हणजे नेम चुकला ना?"

"चुकला."

"मग एक कशाचा दिला?"

"चुकल्याचाच दिला. चुकलं तरी एक. दुसरा खेळ दाखव मला असा."

मी कबड्डी खेळलेला माणूस. आमच्यात चुकला तो बाहेर. मी त्यांना सांगितलं की हा लाडावलेल्या पोरांचा खेळ आहे. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटर बंद पडली, तेव्हा बोलावंच लागलं.

हे वेड त्यांना लागलं कसं, तर नोकरीत असताना सरकारने त्यांना काही महिने ट्रेनिंगसाठी मेलबर्नला पाठवलं होतं. तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहिले. बाई दर शनिवारी मैदानावर जायची आणि परदेशात एकटा पडलेला हा माणूस घरात बसून काय करेल म्हणून यांनाही न्यायची. तिची टीम तेव्हाही हरायची. निघताना तिने स्वतःच्या गळ्यातला लोकरी मफलर काढून यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाली की बाबा रे, घर बदल, नोकरी बदल, टीम बदलू नको. हे म्हणाले, नाही बदलणार. बाई जाऊन किती वर्षं झाली असतील देव जाणे. पण आमच्या मालकांनी हो म्हटलं म्हणजे म्हटलं.

टीमचं नाव ते घ्यायचे नाहीत. "आपली पोरं" म्हणायचे. सहा-सहा फुटी, मांड्या खांबासारख्या, हातांवर गोंदलेलं, केस पिवळे. आणि हे म्हणणार, "आपल्या पोरांना आज थंडी बाधली." मी मुद्दाम म्हणायचो, "तुमची पोरं आज पण झोपली की हो." मी कायम 'तुमची'च म्हटलं. ज्याला आपलं म्हणायचं त्याने निदान महिन्यातून एकदा जिंकावं, असं माझं मत होतं.

तो मफलर ते मे महिन्यातही घालायचे. बाहेर लूच्या गरम झळा, घरात कूलर घरघरतोय, आणि मालक लोकरी मफलर गुंडाळून घाम पुसतायत. एकदा तसेच खाली गाडीवर भाजी घ्यायला गेले. भाजीवाला म्हणाला, "अंकल, गला खराब है क्या?"

"गला ठीक है," मालक म्हणाले. "टीम खराब है."

आणखी एक खोड होती. टीव्हीचा आवाज ते पूर्ण बंद ठेवायचे. का, तर तिकडचे बोलणारे लोक आपल्या पोरांची टिंगल करतात. "माझ्या घरात बसून माझ्या पोरांना हसतात. इथे चालणार नाही." म्हणून सगळा खेळ मुका चालायचा, आणि बोलायचे ते फक्त मालक, तेही मराठीत. "अरे त्याला दे. तो मोकळा उभा आहे, त्याला दे. नाही दिला. तुझ्या आईला कळवतो बघ."

मध्ये मोठी सुट्टी होते तेव्हा त्यांना मेलबर्नसारखं काहीतरी खायला लागायचं. तिकडे मैदानावर खिमा भरलेली कसली वाटीएवढी पोळी मिळते म्हणे. त्यांनी मला वर्णन करून सांगितलं. मी खिम्याच्या करंज्या केल्या. त्यांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, "तिकडची चव नाही आली."

"मग तिकडे जाऊन खा."

"पाचवी आहे का?" त्यांनी विचारलं.

असं आमचं मजेत चाललं होतं. मग त्यांचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी जिन्यात शेजारच्या सरदारजींना त्यांनी 'बुवा' म्हणून हाक मारली. मग कपाच्या बाहेर चहा ओतला. एका शनिवारी मफलर समजून माझा ओट्यावरचा पंचा गळ्यात गुंडाळून बसले. हळदीचे डाग पडलेला. मी सांगितलं नाही, पण मला त्या दिवशी हसू पण आलं नाही. द्वारकेहून त्यांची लेक आली. तिला मी ताई म्हणतो, ती मला काका. ती एका मोठ्या ऑफिसात आहे, दहा माणसं तिच्या हाताखाली, पण बाबांसमोर तिचं काही चालायचं नाही. ती ओढून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, पण लांबवलंत तर आत दाब वाढेल आणि मग डोळा कायमचा जाईल.

मालक म्हणाले, "बघू."

ते 'बघू' मला माहीत होतं. मालकीणबाई गेल्या तेव्हा मी याच घरात होतो. पित्ताशयातले खडे. साधं ऑपरेशन, परवा घरी, असं सांगितलं होतं. बाई मला फ्रिजमधलं विरजण बघायला सांगून हसत गेल्या आणि परत आल्याच नाहीत. दोष कोणाचा नव्हता म्हणे. हृदय थांबलं. त्यानंतर मालक त्या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. पण हॉस्पिटल म्हटलं की त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट व्हायचा. ताईला ते दिसायचं की नाही कोण जाणे. मला दिसायचं.

गुढीपाडव्याला ताई आली ती तारीख घेऊनच. मी श्रीखंड-पुरी केली होती. जेवणं झाल्यावर तिने विषय काढला आणि बाप-लेकीचं जुंपलं.

"बाबा, पुढच्या गुरुवारी. मी सुट्टी टाकलीय."

"गुरुवारी मला जमत नाही."

"काय काम आहे तुम्हाला गुरुवारी?"

"आहे."

"बाबा, यार, आंधळे व्हाल तुम्ही. कळतंय का?"

मालक उठले. चाचपडत देवघरापाशी गेले आणि खंडोबाच्या टाकावर हात ठेवून म्हणाले, "ऐक. आपली पोरं एक मॅच जिंकू दे. जिंकली की दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथे येतो. त्याआधी डोळ्याला कोणाचा हात लागू देणार नाही. खंडोबाची शपथ."

आता बघा, ताई शिकलेली. तिने तिथल्या तिथे म्हणायला पाहिजे होतं की असल्या शपथा मी मानत नाही. पण तिने काय केलं, तर तिनेही हात जोडले. कुलदैवताचं नाव घेतलेलं, ते मोडायचं कसं? वर तिला वाटलं, एकच तर मॅच जिंकायचीय. दर आठवड्याला खेळतात, कधीतरी जिंकतीलच. "चलो, महिनाभराचा प्रश्न आहे," ती मला दारात चपला घालताना म्हणाली. तिने कधी शनिवारची बैठक बघितली नव्हती. मी बघितली होती. 

महिना गेला. पोरं हरली. दुसरा गेला. हरली. उन्हाळा संपून चिकचिक सुरू झाली, तरी हरतच होती. कधी पन्नासने, कधी ऐंशीने. मालकांना आता टीव्हीवर नुसता हिरवा पडदा दिसायचा आणि त्यावर मुंग्या पळाल्यासारखं काहीतरी. म्हणून एका शनिवारी मला म्हणाले, "बुवा, इथे बस आणि काय होतंय ते सांग."

"मी भाडेकरू आहे. मला बाजारात जायचंय."

"बाजार पळून जातोय का?"

बसलो. मला त्या खेळातलं काय कळणार? पण झेंडे कळत होते आणि वरच्या कोपऱ्यातले आकडे वाचता येत होते. "एक झेंडा, त्यांचा. दोन झेंडे, त्यांचे. परत दोन, त्यांचेच." मालक डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. मधेच विचारायचे, "तो लाल केसांचा काय करतोय?" मी बघून सांगायचो, "खाली पडलाय." "उठला का?" "उठला." "हां. तो उठतोच." त्या लाल केसांच्याच्या उठण्यावर मालकांचा सगळा आठवडा निघायचा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला ताईने मला जिन्यात गाठलं. डॉक्टरांनी तिला फोनवर झापलं होतं. उजव्या डोळ्याचं आता लांबवलं तर ते हमी देणार नव्हते. ती दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेऊन म्हणाली, "काका, तुम्हीच सांगता ना त्यांना स्कोअर?"

"हो."

"मग येत्या शनिवारी सांगा ना, जिंकले म्हणून."

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

"आवाज बंद असतो. त्यांना दिसत नाही. कोणाला कळणार? प्लीज काका. एकदाच."

"नाही ताई."

"का पण?"

"दिसायला लागलं की सगळ्यात आधी ते काय बघतील? मागचे निकाल. मग मला त्यांच्या घरात राहता येईल का?"

"घराचं काय घेऊन बसलात?"

"घराचं नाही. माझ्या सांगण्यावर ते बसलेत. त्यांना या घरात दुसरं काही दिसतच नाही, माझं सांगणंच दिसतं. त्यातच मी भेसळ करू?"

ती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र कडक. "डोळे गेल्यावर तुमच्या त्या खरेपणाचं लोणचं घाला," म्हणाली आणि खाली उतरून गेली. मेट्रो स्टेशनपर्यंत मी नेहमी सोडायला जातो. त्या दिवशी तिने मागे वळूनही बघितलं नाही.

मला वाईट वाटलं. पण मी बदललो नाही. चाळीस वर्षं स्वयंपाक केला, पाहुण्याला शिळं ताजं म्हणून वाढलं नाही. माझं डोकं असंच आहे, आणि या वयात ते दुसरीकडून आणणार कुठून?

आणि देवाची परीक्षा बघा, त्याच शनिवारी पोरं एका गुणाने हरली. एका. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती, मग समोरच्यांचा नेम चुकला, कडेने गेला, एक झेंडा, आणि तेवढ्यावर ते जिंकले. माझ्या तोंडाशी आलं होतं. 'जिंकले' म्हणायला किती वेळ लागतो? मालक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे वाकून बसले होते. दाढी नीट झाली नव्हती, दिसत नसल्यामुळे गालावर एक पट्टा राहून गेला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"एकाने हरली तुमची पोरं."

ते मागे टेकून बसले. मग मफलर काढला. घडी नीट जमली नाही, मी करून दिली. म्हणाले, "एकाने म्हणजे जवळ आलीत."

मग तो शनिवार आला. समोरची टीम पहिल्या नंबरची. त्या वर्षी त्यांना कोणी हरवत नव्हतं. मालकांनीच मला आदल्या संध्याकाळी सांगितलं, "बुवा, उद्या तू बाजारात गेलास तरी चालेल." म्हणजे बघा. पण मी बसलो. सवय झाली होती, दुसरं काही नाही.

पहिल्या भागात दोन झेंडे आपले. मी सांगितलं. मालक म्हणाले, "होतं असं सुरुवातीला." दुसऱ्या भागात पुन्हा दोन, पुन्हा दोन. मोठ्या सुट्टीला आम्ही पुढे. मी करंज्या आणल्या, त्यांनी घेतल्या नाहीत. तिसऱ्या भागात ते दुसरे वाघासारखे आले. त्यांचे दोन, त्यांचे दोन, त्यांचा एक. आमची आघाडी भराभर सरली.  शेवटच्या भागात तर कधी हे पुढे, कधी ते. लाल केसांचा पडला, उठला, पडला, उठला. शेवटी त्याने एक लांबून मारला आणि दोन झेंडे. आम्ही चारने पुढे, घड्याळात मिनिटभर राहिलेलं.

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

"बोल," मालक म्हणाले. "बुवा, बोल ना."

"त्यांच्याकडे आहे चेंडू. खांबांजवळ आलाय. धरला. त्यांच्यातल्या एकाने धरला, आता थांबून मारणार."

"किती लांब?"

"आपल्या पार्किंगपासून पार्कच्या फाटकापर्यंत."

"सरळ आहे की तिरपा?"

"तिरपा."

मालकांनी मफलरचं टोक तोंडात धरलं. त्या पोराने चार पावलं टाकली आणि मारला. चेंडू वर गेला, वळला. मी पंचाकडे बघत होतो. पंचाने एक झेंडा उचलला.

"एक," मी म्हणालो. "एकच. कडेने गेला. तीनने पुढे. आता आपल्याकडे आहे, आपला मारतोय, लांब मारलाय, घड्याळ गेलं. संपलं. जिंकले."

मालकांनी मफलरचं टोक तोंडातून काढलं.

"कोण?"

"आपली पोरं."

त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. ते पांढुरके डोळे माझ्या खांद्याच्या थोडे बाजूला बघत होते. हळूच म्हणाले, "ताईने सांगितलं ना तुला असं म्हणायला?"

मला काय वाटलं सांगू? इतके महिने बसून एक-एक झेंडा सांगितला, एकाने हरलेली सांगितली, आणि आता हे. मी म्हणालो, "मालक, मी खोटं बोलणारा वाटत असेन तर आत्ता खोली रिकामी करतो." आणि टीव्ही बंद करायला हात पुढे केला. नेहमी तसंच तर करायचो, खेळ संपला की बंद.

"थांब," ते म्हणाले. "बंद करू नको. आवाज लाव."

मी रिमोट शोधला. वर्षानुवर्षं त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. आवाज वाढवला. आधी नुसता गलका, समुद्रासारखा. मग लग्नातल्या बँडसारखं काहीतरी ढमढम वाजायला लागलं आणि माणसं गायला लागली. हजारो माणसं. मला आजवर माहीतच नव्हतं. तिथे प्रत्येक टीमचं आपलं गाणं असतं आणि खेळ संपल्यावर जिंकलेल्याचंच वाजवतात. मालकांना ते माहीत होतं. म्हणून तर हरल्यावर टीव्ही एक क्षण चालू ठेवायचे नाहीत. दुसऱ्याचं गाणं आपल्या घरात नको, मुकं असलं तरी.

दोन ओळी होईपर्यंत ते कान देऊन बसले. मग ते गायला लागले. इंग्रजीत, मोठ्याने, बेसूर, एक शब्द न चुकता. गाता गाता उभे राहिले, हात पुढे करून मला शोधलं, माझे दोन्ही हात धरले आणि गरगर फिरायला लागले. फुगडी. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, एक मफलरवाला आणि एक पंचावाला, दिवाणखान्यात फुगडी घालतायत. स्टुलावरचा तांब्या पडला. मी म्हणालो, "मालक, पडाल." ते म्हणाले, "पडू दे. उठतो आपण."

दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी भाभी. "भाईसाहब, सब ठीक है? छत हिल रही है हमारी."

"भाभीजी, लड़के जीत गए," मालक धापा टाकत म्हणाले.

"इंडिया का मैच था?"

"नहीं जी. अपने लड़के."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हां जी. अपने ही हैं." त्या बिचाऱ्या खाली जाऊन वाटीत काजूकतली घेऊन आल्या. कोणाचे लडके, कुठे जिंकले, काही विचारलं नाही. दिल्लीत हे बरं आहे. आनंद झालाय म्हटलं की पुरतं.

मी शिरा केला. मालकांनी ताईला फोन लावायला सांगितला नाही. मीही लावला नाही, तो त्यांनी लावायचा होता. जेवण झाल्यावर ते बाल्कनीत बसले. खालून कुल्फीवाल्याची घंटा येत होती. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू खाली बसत चालला होता आणि त्याखालचं दिसायला लागलं होतं.

"म्हणजे आता जावं लागणार," ते म्हणाले.

"शपथ तुमची आहे."

"ती पण हसत गेली होती रे आत." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "विरजणाचं सांगून."

"मलाच सांगितलं होतं."

"लागलं होतं का ते?"

"लागलं होतं. चांगलं घट्ट."

 त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तसाच घट्ट.

मी म्हणालो, "मी येतो बरोबर. दाराबाहेर बसतो."

"तू बसून काय करणार?"

"आत काय चाललंय ते विचारून तुम्हाला सांगत राहीन. डॉक्टर काय, सगळ्यांना चांगलंच सांगतात. मी जे असेल ते सांगेन."

"वाईट असलं तरी?"

"एकाने हरलेली सांगितली की नाही?"

त्यावर ते हसले. मग म्हणाले, "फोन लाव तिला."

ताईने फोन उचलला आणि मालक म्हणाले, "उद्या ये. जिंकली."  मग तिने विचारलं, "काका आहेत का तिथे?" मी फोन घेतला. "काका, खरं?" ती म्हणाली. मी म्हणालो, "ताई, तीनने." ती रडायला लागली. माझ्याशी जिन्यात भांडली होती त्याबद्दल काही बोलली नाही, आणि मला ते नकोच होतं.

उजव्या डोळ्याचं झालं. मी दाराबाहेर बसलो, नर्सला चार वेळा विचारलं, तिने मला दोनदा झापलं. बाहेर आणलं तेव्हा मालकांनी आधी विचारलं, "बुवा, काय स्कोअर?" मी म्हणालो, "दोन झेंडे." पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मालकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खालचं छापखान्याचं नाव पण वाचलं.

पण डॉक्टर म्हणाले, आता डावा. महिन्याभरात करून टाकू. तारीखही दिली, सोमवारची. मालक रिक्षात बसल्यावर म्हणाले, "शपथ एका डोळ्याची होती. एक मॅच, एक डोळा." ताईने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच, गुढीपाडव्यापासूनचं, आलं होतं. या पोरांनी पुन्हा जिंकायचं म्हणजे डाव्या डोळ्याने पुढचा पाडवा बघितला तर नशीब.

सोमवारच्या आधीचा शनिवार. मालक आपल्या एका डोळ्याने बघत बसले. मला सांगायचं काही काम नव्हतं, तरी मी बसलो. आवाज बंदच होता. पोरांनी पुन्हा मार खाल्ला. नुसता नाही, चांगला नव्वदने. लाल केसांचा तर अर्ध्यातच लंगडत बाहेर गेला.  घड्याळ संपलं, मालकांनी टीव्ही बंद केला, मफलरची घडी घातली, या वेळी टोकाला टोक जुळवून, आणि आत निघून गेले. भाजी काय ते विचारलं नाही.

मी ओट्याशी उभा होतो तेव्हा माझा फोन वाजला. ताई. तिने मोबाइलवर स्कोअर बघितला होता. तीही आता बघायला लागली होती.

"काका," ती म्हणाली, "नव्वद?"

"नव्वद."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग सोमवारचं कॅन्सल करू का मी? डॉक्टरांना आजच सांगावं लागेल. काका, खरं सांगा, काय करतायत ते?"

मी पंचाला हात पुसले आणि त्यांच्या खोलीच्या दारातून डोकावलं. पलंगावर दोन धुतलेले शर्ट, टॉवेल, औषधाच्या बाटल्या, हॉस्पिटलची फाइल. मालक एक डोळा बारीक करून पिशवीची चेन ओढत होते, ती अडकली होती, आणि ते तिला मराठीत शिव्या देत होते.

"ताई," मी म्हणालो, "पिशवी भरतायत."